एकलीच

वहीत पहिला रकाना नावाचा.
मंदाकिनी दादू कुडचे, लिहिलं.
राहणार मिरज, नोकरी भूमापन.
'सोबत' या रकान्यापाशी पेन अडलं.
दोना एर्मेलिंदा चष्म्यावरून बघत होत्या:
"तूं एकलीच आयल्या?"

हेच एसटीत कंडक्टरने विचारलं होतं,
दोन तिकिटांचं बटण दाबता दाबता.
चोर्ला घाटात शेजारणीने, चिवडा पुढे करत.
निघताना थोरल्या भावाने,
पण त्याचा तो प्रश्न नव्हता, निकाल होता.

इथे शब्दच वेगळा निघाला.
'एकटी'त ट वर जीभ आपटते,
भिंतीत खिळा ठोकावा तशी.
'एकली' म्हणताना नुसती टेकते.
मी रकान्यात आडवी रेघ मारली.
दोनांनी वीतभर लोखंडी किल्ली दिली
आणि मांजराला पोर्तुगीजमध्ये काहीतरी सांगितलं,
बहुतेक माझ्याबद्दलच.

खोलीला आतून कडी होती.
आमच्या घरात ती फक्त न्हाणीघराला.
लावली, काढली, पुन्हा लावली.
शिंपल्यांच्या तावदानातून दुधट उजेड येत होता.
पलंगावर बसून सवयीने चतुःसीमा मांडली:
पूर्वेस ओरेंची खाडी,
पश्चिमेस आल्तिन्यूचा चढ,
उत्तरेस सांव तोमे,
दक्षिणेस मळा आणि तिथली मारुतीची घंटा.
येणेप्रमाणे चतुःसीमेच्या आतील बाई एक,
जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधिनिक्षेपासह.
इतर हक्क: निरंक.
मग हसू आलं. मोठ्यानेच.

दुपारी गल्ल्या पावलांनी मोजल्या.
निळं घर गेरूच्या घरावर असं रेललेलं
की हद्द कायम करायला जावं तर तंटा उभा राहील.
या दारी तुळस, त्या दारी क्रूस,
मधल्या दोरीवर कुणाची तरी चादर,
ठिबकताना बाजू न बघणारी.
रफीउद्दीन टेलर पाद्रीचा झगा उसवत होता,
रेडिओवर मराठी भजन लावून
पोराला कानडीतून रागे भरत.
मी नुसती उभी होते तर म्हणाला,
बसा की, फॅनखाली.

संध्याकाळी खाडीकाठी एक स्कूटर मागे लागली.
माझ्या चालीने चालणारी.
थांबले की थांबणारी.
सत्तेचाळिसाव्या वर्षी हे संपलेलं असतं
अशी माझी उगीच समजूत.
मोजणीला गेलं की शेतातली कुत्री अंगावर येतात,
तेव्हा पळायचं नसतं, एवढं ठाऊक.
पुलाशी एक बाई उरलेले बांगडे झाकत होती.
जाऊन तिच्याशेजारी बसले.
जन्मात मासळीला शिवलेली नाही मी.
तिने काही विचारलं नाही.
एका हाताने पाटी सरकवून जागा केली,
दुसऱ्याने सुरी उचलली
आणि स्कूटरकडे बघत
पुसत बसली,
पुसत बसली.

गेला तो. आम्ही तशाच, दिवे लागून गेले तरी.
तिचं नाव विचारायचं राहिलंच.

रात्री भावाचा फोन: मिळाली का कुणाची सोबत?
मिळाली, म्हटलं. खरं तेच.

पहाटे पोदेराचा भोंगा.
सायकलवरच्या टोपल्यात उंडे, पोळे,
आणि काकणं, पावाची, कडक,
बांगडीच्याच मापाची.
"एकूच?"
दोन, म्हटलं. दोन्ही मलाच.
एक पिशवीत टाकलं.
दुसरं मनगटात घालून पाहिलं, पाहिलं फक्त,
तर उतरेना.
मग कोपऱ्यावर, भर उजेडात,
शाळेची पोरं बघत असताना
दातांनी सोडवलं,
जवळ चहा नव्हता तरी.